पुढची ओवी

या वर्षी समाप्तीला आचारी सांगायचा नाही, दीडशे पानांचा स्वयंपाक मी करणार, असं रतनने जाहीर केलं तेव्हाच घरात कोणाला तरी संशय यायला हवा होता. पण कोणालाच आला नाही. श्रावणभर रोज संध्याकाळी हिंदुरावांनी पोथीचा एक अध्याय वाचायचा, शेवटच्या रविवारी सकाळी समाप्ती, आणि दुपारी भावकी, शेजारी, मार्केट यार्डातले गाळेवाले, सगळ्यांना जेवण. हे हडपसरच्या त्या घरात इतकं ठरून गेलेलं होतं की कढईत डाव कोण फिरवतंय याची चौकशी करायची पुरुषांना सवयच नव्हती. धाकटा दीर मच्छिंद्र तेवढा म्हणाला,

“वैनी, कोंडीराम आचाऱ्याशी भांडलात का काय?”

“त्याच्याशी न्हाई. त्याच्या आमटीशी.”

मच्छिंद्र हसला आणि मोबाइल कानाला लावून कुठल्याशा प्लॉटवाल्या गिऱ्हाइकामागे निघून गेला. झालं, विषय मिटला.

खरी गोष्ट अशी होती की रतनने त्या जेवणाला एक पाहुणी बोलावली होती, आणि ती पाहुणी नुसती जेवायला येणार नव्हती.

घरचं विहिरीचं वावर विकून आता पाच वर्षं होत आली होती. तिथं काचेची इमारत उभी राहिली, आणि या जूनपासून रतनची लेक तनुजा त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसायला लागली. एकदा ती डबा विसरून गेली आणि रतन तो घेऊन गेटवर गेली. तिथं तिला प्रियदर्शनी लिमये भेटल्या. राहायला कर्वेनगरात, आणि इमारतीतले दिवे, पाणी, झाडलोट, कँटीन, सगळं बघायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी तनुजाच्या डब्यातली घेवड्याची भाजी चाखली, मग पुन्हा चाखली, आणि पुढच्या आठवड्यात रतनला बोलावून घेतलं.

“हे रोज दोनशे माणसांना करता येईल का? नाही म्हणायला लाजू नका. सगळेच नाही म्हणतात.”

“येईल की,” रतन म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, कारण उत्तर तयार होऊन बसलं होतं.

“छान. शेगड्या, भांडी आमच्याकडे आहेत. आत्ताचे कंत्राटदार या महिन्यात जातायत, सुटलो. आता माझी अट ऐका. तुमच्या घरातल्या कर्त्या माणसाचा होकार मला माझ्या कानांनी ऐकायचाय. मागे एका बाईंना काम दिलं होतं. आठ दिवसांत त्यांचे दीर आले आणि भर दुपारी शेगड्या बंद करून गेले. लोकांनी बिस्किटं खाल्ली. मला पुन्हा बिस्किटं वाटायची हौस नाही.”

“आमच्याकडं समाप्तीला या,” रतन म्हणाली. “जेवण बी होईल, मामांचा शब्द बी मिळेल.”

“येते. पण सोमवारपासून तिथं कोणीतरी चूल पेटवायला लागणार आहे. तुमचं नसेल तर रविवारी रात्री मी दुसऱ्यांना हो म्हणेन. मग राग मानायचा नाही.”

मामा, म्हणजे तिचे सासरे हिंदुराव, त्यांना रतन तेव्हापासून रोज सांगणार होती. चहा देताना सांगू, म्हणता म्हणता कपबशी रिकामी होऊन परत यायची. ज्या माणसाने वावर विकल्यापासून त्या रस्त्याला पाऊल ठेवलं नव्हतं, दवाखान्यात जायचं तरी रिक्षा सोलापूर रोडने वळसा घालून न्यायला लावायचा, त्याला कसं सांगायचं की मामा, मी तुमच्या विहिरीवर लोकांना जेवू घालायला चालले आहे?

अशा रीतीने रविवार उजाडला आणि काहीच सांगून झालं नव्हतं.

परसात तीन चुली धडधडत होत्या. आळीतल्या बायका पाट्यापाशी आणि पातेल्यांपाशी बसल्या होत्या, आणि रतन पदर खोचून त्यांच्यामधून अशी फिरत होती की कोणी बघणाऱ्याने म्हणावं, हिच्याच लग्नाचं जेवण आहे. श्रावण असल्यामुळे कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. भात, आमटी, लापशी, ओव्याच्या पानांची भजी, आणि घेवडा. घेवड्याला तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. तिला आतून इतका आनंद होत होता की तो कोणाला दिसेल म्हणून ती उगाच बायकांवर डाफरत होती.

नवरा साईनाथ मार्केट यार्डातल्या गाळ्यावरून टेम्पो घेऊन आला आणि कोथिंबिरीची पेंढी तिच्यापुढे टाकून उभा राहिला.

“सांगितलंस का आबांना?”

“तुम्ही सांगणार हुता ना?”

“मी?”

“तुमचे वडील हायत.”

“म्हणूनच तर,” साईनाथ म्हणाला. यार्डात व्यापाऱ्यांशी दिवसभर हुज्जत घालणारा हा माणूस बापापुढे तोंड उघडायची वेळ आली की बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. “जेवणं होऊ दे. भरल्या पोटी माणूस ऐकतं.”

“आणि न्हाई ऐकलं तर?”

साईनाथने कोथिंबिरीची पेंढी सोडायला घेतली. ती बांधलेलीच बरी होती, पण हाताला काहीतरी हवं होतं.

*

तनुजा दारात उभी होती. लिमये मॅडमची गाडी दिसताच ती आधी आत वळली, मग परत फिरली.

तिला आईचा बेत पहिल्या दिवसापासून माहीत होता. “वॉव, सुपर आयडिया,” असं ती म्हणालीही होती. पण त्या रात्री तिला झोप लागली नव्हती. टीममधली पोरं कँटीनच्या बाईला कशी हाक मारतात ते तिला ठाऊक होतं. ‘ओ मावशी, चमचा कुठाय? ओ मावशी, टेबल पुसा.’ आता ती मावशी आपली आई असणार. आपण ट्रे घेऊन रांगेत, आणि पलीकडे डोक्याला जाळी लावून आई. शेजारचा विचारणार, ‘ओळखतेस का गं?’ तेव्हा आपण काय म्हणणार, हेच तिला कळत नव्हतं, आणि कळत नाही याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

“मॅडम, इकडे पार्क करा, त्या बैलगाडीच्या बाजूला.”

“बैल बांधलेत ना?”

“बैल नाहीयेत मॅडम. गाडी नुसती ठेवलीय, आबांसाठी.”

“अच्छा. आमच्याकडेही असंच एक हार्मोनियम आहे,” प्रियदर्शनीबाई म्हणाल्या आणि साडी सावरत उतरल्या.

आत हिंदुराव पोथीपुढे बसले होते. पोथी सुट्या पानांची. वाचलेलं पान डाव्या बाजूला पालथं घालायचं, असं महिनाभर चाललेलं. आता उजवीकडे दोनच पानं उरली होती. सत्तरीचा माणूस, पण आवाज अजून अंगणापर्यंत जायचा. तनुजा आणि मॅडम मागे भिंतीला टेकून बसल्या. शेवटची ओवी झाली, हिंदुरावांनी पान पालथं घातलं, हात जोडले. आरती झाली, नैवेद्य झाला.

“पोथी बांधत नाहीत का?” प्रियदर्शनीबाईंनी हळूच विचारलं.

“पंगती उठल्यावर. आणि आमच्यात एक कस्टम आहे, म्हणजे होती.” तनुजाने आवाज आणखी खाली आणला. “अध्याय संपला की लगेच पोथी मिटायची नाही. पुढच्या अध्यायाची पहिली ओवी वाचायची, मगच. समाप्तीला सगळी पानं उलटी करून पहिल्या अध्यायाची पहिली ओवी. आबांच्या वडिलांनी लावलेली सवय. शेतातही तसंच. एक वाफा खुरपून झाला की पुढच्या वाफ्यात थोडं खुरपूनच बांधावर बसायचं. आई तर अजूनही चूल विझवायच्या आधी उद्याचं कडधान्य भिजत घालते.”

“होती म्हणजे? आता नाही?”

“जमीन विकली त्या श्रावणापासून आबा पुढची ओवी वाचत नाहीत. अध्याय संपला की मिटतात.”

“आणि कोणी काही म्हणत नाही?”

“आबांना?” तनुजा म्हणाली. मॅडमना तेवढ्यावरून उत्तर समजलं.

*

आता मच्छिंद्रचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. अंगणात पहिली पंगत बसली, तो आमटीची बादली घेऊन फिरत होता, आणि भावकीच्या रांगेत एक चष्मेवाल्या अनोळखी बाई मांडी घालून बसलेल्या दिसल्या. त्याला वाटलं, प्लॉट बघायला आलेलं गिऱ्हाईक असेल. अशा वेळी ओळख काढायची, हा त्याचा धंदाच होता.

“ताई कुठल्या म्हणायच्या?”

“कर्वेनगर. मी रतनताईंचं कँटीन बघायला आलेय. म्हणजे व्हायचंय अजून.” बाईंनी घेवड्याचा घास घेतला, डोळे मिटले आणि उघडले. “ही भाजी होणार म्हणजे होणार.”

“कँटीन? कुठं?”

“त्या काचेच्या इमारतीत. तुमच्याच विहिरीवर आहे म्हणे ती.”

हे बोलणं झालं तेव्हा हिंदुराव बरोबर मच्छिंद्रच्या मागे उभे होते. पंगतीत फिरून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणायचं काम त्यांचं. त्यांनी ऐकलं. हातातला उपरण्याचा शेव एकदा खांद्यावर टाकला, पुन्हा काढला. पण पंगत बसलेली असताना घरच्यांनी आवाज चढवायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत होती आणि ती मोडणारे ते नव्हते.

“बाई, लापशी घ्या. तूप घालू का अजून?” एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या पानापाशी गेले.

त्यानंतर त्या अंगणात जे भांडण झालं तसं भांडण हडपसरात आधी कधी झालं नसेल. सगळं वाढता वाढता, दबक्या आवाजात, तोंडावर हसू ठेवून.

“वैनी, हे खरं हाय का? आमटी, आमटी, पाव्हणं, हात बाजूला घ्या.”

“खरं हाय. भजी वाढा भाऊजी, तिकडं पानं रिकामी हायत.”

“जमीन इकली अन् आता तिथंच खरकटी काढायला गेले, म्हणतील लोकं. मी कुठल्या तोंडानं प्लॉट दाखवू? आमटी घ्या पाव्हणं, कढत हाय.”

“खरकटी न्हाई काढणार. स्वयंपाक करणार.”

“एकच की.”

“एकच असंल तर आज इथं दीडशे पानं मी काय करतेय? भात, भात.”

साईनाथ भाताचं पातेलं धरून दोघांच्या मध्ये सापडला होता. मच्छिंद्र त्याच्या कानाशी आला. “दादा, तुला म्हाईत हुतं?”

“भात वाढू दे रं.”

“म्हणजे म्हाईत हुतं. आबा, दादाला म्हाईत हुतं.”

हिंदुराव पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. “सावकाश होऊ द्या मंडळी,” ते म्हणाले, आणि हे ते इतक्या गोडीने म्हणाले की रतनने हातातली परात खाली ठेवली. चिडलेल्या हिंदुरावांना ती पंचवीस वर्षं ओळखत होती. गोड बोलणारे हिंदुराव तिने वावराच्या व्यवहाराच्या दिवशी तेवढे पाहिले होते.

दुसरी पंगत बसली, तिसरी उठली. गाळेवाले ढेकरा देत, घेवड्याची चौकशी करत गेले. जाताना प्रत्येकाने विचारलं, आचारी कोण म्हणायचा यंदा? आणि घरचे हात जोडून ‘पुन्हा या’ म्हणत राहिले.

*

माजघरात पोथी अजून पाटावर उघडी होती. हिंदुराव तिच्यापुढे येऊन बसले आणि लाल कापडाच्या घड्या उलगडायला लागले. घरची माणसं भिंतीभोवती उभी राहिली. प्रियदर्शनीबाई उंबऱ्याबाहेर खुर्चीवर बसल्या. त्यांना निघायचं होतं, पण उत्तर घेतल्याशिवाय त्या निघणाऱ्यातल्या नव्हत्या.

“मामा,” रतन म्हणाली, “माझं चुकलं. आधी सांगायला पायजे हुतं.”

“सांगायचं कशाला? मला जेवणात वाढलंस की.” हिंदुराव कापडाकडेच बघत होते. “त्या बाईंना सांग, व्हायचं न्हाई. आपल्या वावरात आपण दुसऱ्याच्या ताटात वाढायला उभं ऱ्हायचं? तुझ्या या सासऱ्यानं ती विहीर स्वतः खणलीया. सुरुंगाचा धूर अजून नाकात हाय माझ्या.”

“म्हणूनच म्हणते मामा. त्या विहिरीवर मी लग्न होऊन आल्यापासून न्याहारी घेऊन गेले. खुरपायला वीस बायका असायच्या, सगळ्यांच्या भाकरी माझ्या डोक्यावर. तेव्हा तुम्ही म्हणायचा, रतन आली की वावर जेवतं. मला दुसरं काय येतं? तनुजा शिकली, ती वर बसली. मला घरात बसून काचा बघायच्या का? मला ते काम पायजे. लई पायजे. इतकं मला आजवर काही वाटलं न्हाई, लाजही वाटत न्हाई सांगायला.”

“आम्हाला वाटंल की लाज,” मच्छिंद्र म्हणाला. “आन तनुला काय वाटंल, ते इचारलंत का? तिच्या हाफिसातली पोरं तिच्या आईला ताट उचलायला सांगणार.”

सगळे तनुजाकडे बघायला लागले. तिला पळून जावंसं वाटलं, आणि ती एक पाऊल पुढे आली.

“काका, खरं सांगू? मला वाटलीच लाज. रात्रभर वाटली.” रतनने मान खाली घातली. “पण आज पंगतीत मॅडमच्या शेजारी आपल्या आळीतले सुरेशमामा बसले होते, ते म्हणाले, स्वयंपाक कोणाचा? आणि मला ‘माझ्या आईचा’ म्हणताच आलं नाही, कारण आईचं नाव निघालं की कँटीनचंही निघालं असतं, आणि ते तर ठरलं होतं ना, सांगायचं नाही. तेव्हा मला इतका राग आला. एवढं मस्त जेवण, आणि मी गप्प. मला ते रोज गप्प बसून नाही जमणार. कोणी आईला ‘ओ मावशी’ म्हटलं तर मी तिथंच सांगेन, माझी आई आहे, नीट बोल.”

“बघ, डोळ्यातनं पाणी काढलंस पोरी,” मच्छिंद्र म्हणाला, आणि खरंच काढलं होतं. त्याने नाक ओढलं. “पण भाजी न्यायला टेम्पो लागंल रोज.”

“आपला हाय की,” साईनाथ म्हणाला.

“तो तुझा हाय. पण उद्यापासनं चालवणार मी.”

“म्हणजे तू आमच्या बाजूनं?”

“मी टेम्पोच्या बाजूनं.”

कोणीतरी हसलं असतं, पण हिंदुरावांनी कापडाचं पहिलं टोक पोथीवर टाकलं होतं. बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ. बाहेर खुर्चीचा पाय वाजला. बाई उठल्या असाव्यात.

तेवढ्यात मथुराबाई पुढे आल्या आणि पोथीवर हात ठेवून बसल्या.

हिंदुरावांची ही बायको दिवसभरात कोणाच्या बाजूने एक शब्द बोलली नव्हती. पान लावायच्या, पाणी द्यायच्या, बस. नवऱ्यापुढे त्यांनी कधी आवाज केला नव्हता, आणि आताही आवाज केला नाही. नुसता हात ठेवला.

“बांधू नका.”

“सोड. संपली पोथी.”

“संपली न्हाई. पाच वर्सं झाली, रोज तुम्ही वाचता न् मी ऐकते. अध्याय संपतो न् मी वाट बघत बसते, आता पुढची ओवी येईल. तुम्ही मिटता. मला रातभर चुकल्यासारखं वाटतं. भाकरी तव्यावर ठेवून यावं तसं.” मथुराबाईंचा हात जागचा हलला नाही. “मला अक्षर येत न्हाई. येत असतं तर पाच वर्सं मीच वाचली असती.”

“काय वाचायचंय पुढं? वावर गेलं.”

“वावर गेलं. मी बी रडले. पण तुम्ही म्हणालात आत्ता, दुसऱ्याच्या ताटात वाढायचं का. मला सांगा, तुम्ही पिकवत हुता तो घेवडा कुणाच्या ताटात जायचा? आपण खाल्ला एकट्यानं? पोतीच्या पोती यार्डात गेली, तिथनं पुण्यातल्या घरोघरी गेली. त्या विहिरीनं जलमभर दुसऱ्याचंच पोट भरलंया. सून तेच करती म्हणते. फक्त तुम्ही कच्चं देत हुता, ती शिजवून देणार.”

बाहेर बायका पातेली घासत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

हिंदुराव त्या हाताकडे बघत राहिले. पाच वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ त्यांना आठवली. व्यवहार करून आले, अंघोळ केली, पोथीपुढे बसले, अध्याय वाचला. आणि पुढचं पान उचलताना मनात आलं, उद्या कुठल्या वावरात जायचं आहे आपल्याला? हाताने आपोआप पोथी मिटली. त्यांना वाटलं होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशीही कोणी काही म्हणालं नाही, तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं, आणि वाईटही वाटलं होतं. कोणीतरी विचारावं म्हणून ते पाच श्रावण वाट बघत होते, हे त्यांना आत्ता कळलं.

“आधी का न्हाई बोललीस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही आधी का न्हाई वाचली?”

हिंदुरावांनी कापडाचं टोक मागे सारलं. महिनाभर पालथी घातलेली पानांची चळत त्यांनी दोन्ही हातांत धरली. एकट्याला पेलेना. साईनाथ पुढे झाला, खाली वाकला, पण या वेळी नाडी बांधायला नाही. बाप-लेकांनी चळत उचलली आणि उलटी केली. पहिलं पान वर आलं. कोपऱ्यात जुन्या हळदीचा पिवळा डाग होता.

चष्मा पुसून हिंदुरावांनी पहिल्या अध्यायाची पहिली ओवी वाचली. आवाज मध्ये एकदा अडला, मग मोठा झाला, अंगणात गेला, आणि पातेली घासायचा आवाज थांबला. मथुराबाईंनी डोळे मिटून हात जोडले. ओवी संपल्यावर हिंदुरावांनी पोथी कापडात बांधली, गाठ मारली, कपाळाला लावली आणि उंबऱ्याकडे वळले.

“बाई, उद्या चूल कधी पेटवायची?”

“सातला,” प्रियदर्शनीबाई म्हणाल्या. “पण मला होकार हवा होता.”

“वाचली की आत्ता. आमच्यात असाच देत्यात.”

“आमच्या कर्वेनगरात ‘हो’ म्हणतात. पण चालेल, हा जास्त ऐकू आला.” त्यांनी पर्स खांद्याला लावली. मग रतनकडे वळून, जरा हळू म्हणाल्या, “रतनताई, मी घरी आईला सांगून आले होते, आज रात्री जेवणार नाही. बरं झालं सांगितलं, घेवड्याने पोटात जागाच ठेवली नाही.”

रतनला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तिने तनुजाला जवळ ओढलं, मच्छिंद्रच्या पाठीत एक रट्टा घातला, सासूच्या पाया पडायला वाकली तर मथुराबाईंनी मध्येच धरलं. “पुरे. सकाळी लवकर उठायचंय.”

“घेवडा मी निवडणार,” हिंदुराव एकदम म्हणाले. “पहाटे यार्डात मी जातो. साईनाथला अजून घेवडा कळत न्हाई. टेम्पोत पुढं बसंन.”

“आबा,” मच्छिंद्रने जपून विचारलं, “यार्डातनं इमारतीकडं यायचं म्हणजे विहिरीच्या रस्त्यानं यावं लागंल. का सोलापूर रोडनं घेऊ वळसा?”

हिंदुरावांनी पोथी देवळीत ठेवली. “भाजी सुकंल वळशानं,” ते म्हणाले.

दिवस मावळायला आला होता. परसात तिसऱ्या चुलीत अजून निखारे होते. रतनने पाण्याचा तांब्या हातात घेतला, आणि सवयीने थांबली. मग ती आत गेली, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं ओढत बाहेर आणलं, हरभऱ्याचं पोतं सोडलं आणि मापाने हरभरे ओतायला लागली. दोनशे माणसांचा अंदाज हाताला नवा होता. ती मोजत होती, विसरत होती, पुन्हा मोजत होती, आणि मोजताना आपोआप गुणगुणत होती.

पाणी घातल्यावर तिला मागे चाहूल लागली. हिंदुराव उभे होते. ते खाली बसले, पोत्यात हात घातला आणि ओंजळभर हरभरे पातेल्यात सोडले.

“पहिला दिवस हाय,” ते म्हणाले. “कमी पडाया नको.”

मग रतनने चूल विझवली.